होकायंत्राचा सूड

१२ जुलै, गुरुवार. सकाळी सात. उयुनी.

आजपासून ही वही. पुठ्ठ्यावर फ्लेमिंगोचं चित्र आहे, कारण दुकानात दुसरी नव्हती. आतला मजकूर मात्र गंभीर. विषय एकच : फोर्तुनातो कोपाचा सूड.

काल गावाचा वाढदिवस. ड्रायव्हर युनियनचं जेवण, दोनशे माणसं. ऐन जेवणात फोर्तुनातो खुर्चीवर चढला, मोबाइल काढला आणि एका जर्मन पोरीने इंटरनेटवर माझ्याबद्दल लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. तिने लिहिलंय, आमचे ड्रायव्हर डॉन कासिमिरो फार प्रेमळ, त्यांच्या बायकोच्या हातचं जेवण अप्रतिम, पण मिठाच्या मैदानात आम्ही एकच फुटका टायर तीन वेळा पाहिला.

लोक हसले. एकाच्या नाकातून सूप आलं.

मग फोर्तुनातोने खिशातून लाल रिबीन बांधलेलं होकायंत्र काढलं आणि माझ्या गळ्यात घातलं. म्हणाला, कंपाद्रे, एकोणीस वर्षं अंदाजाने गाडी हाकलीस, आता जरा बघून हाक. टाळ्या. तेव्हापासून माझं नाव होकायंत्र. आज सकाळी गरम आपी, मक्याचं पेय, विकणारी बाईसुद्धा म्हणाली, या होकायंत्र, आज इकडे कुठे, रस्ता चुकलात वाटतं.

नोंद असावी : मी हरवलो नव्हतो. इंकावासी बेटावरून दक्षिणेला चुविकाकडे निघालो आणि वायव्येला यिकाला पोचलो, एवढंच. यिका हेही एक गाव आहे. तिथेही माणसं राहतात. टूरिस्टांना ते फुकट बघायला मिळालं.

फोर्तुनातो परका असता तर एका ठोशात प्रकरण मिटलं असतं. पण माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिला त्याने हातांवर धरलं होतं, म्हणून आम्ही एकमेकांचे कंपाद्रे. कंपाद्रेचा सूड सवडीने, विचार करून घ्यावा लागतो.

प्रिमितिवाचंही लिहून ठेवतो. बायको. माझ्याच जीपमध्ये टूरिस्टांचा स्वयंपाक करते. काल घरी येताना म्हणाली, म्हाताऱ्या, आणखी एकदा हरवलास तर मी माझा स्टोव्ह आणि पातेली उचलून कंपाद्रेच्या जीपमध्ये जाऊन बसेन. लग्नात मी सगळं कबूल केलं होतं, मिठात मरायचं कबूल केलेलं नाही. मी हसलो. ती हसली नाही. लोक म्हणतात, टूरिस्ट माझ्या गाडीत तिच्या हातचं खायलाच बसतात. लोकांना काय, तोंड आहे म्हणून बोलतात. पण ती गेली तर शेजारची सीट रिकामी राहील. एकोणीस वर्षांत ती कधी रिकामी राहिलेली नाही.

संकल्प : ३१ ऑगस्टला युनियनची वार्षिक सभा आहे. त्याआधी फोर्तुनातो साऱ्या गावादेखत हरवलेला असेल, मी त्याला शोधून आणलेलं असेल आणि हे होकायंत्र त्याच्या गळ्यात असेल. रिबिनीसकट.

१३ जुलै.

वही ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवतो. प्रिमितिवाला वाचता येतं, पण माझ्या वस्तूंत तिला रस नाही.

होकायंत्र फेकून देणार होतो. तिने ते डॅशबोर्डवर, स्पीकरच्या डोक्यावर, बसवून टाकलं. असू दे. रोज समोर दिसलं की राग ताजा राहील.

सूड पुरा होईपर्यंत दारू, म्हणजे सिंगानी, बंद. थेंबही नाही.

१७ जुलै, मंगळवार. दुपार. सिलोली वाळवंट.

पहिला वार.

सान हुआनच्या मिठाच्या हॉटेलात आमच्या दोघांच्या जीपा शेजारी उभ्या होत्या. पहाटे, हातमोज्यांतून बोटं गळून पडतील अशा थंडीत उठलो आणि फोर्तुनातोच्या चारही टायरांतली निम्मी हवा सोडून दिली. हलक्या हाताने, सुईसुद्धा वाजू न देता. परत येऊन झोपलो. इतकी शांत झोप दोन महिन्यांत लागली नव्हती.

आज दिवसभर वाळू होती हे आनंदाच्या भरात लक्षात राहिलं नाही.

वाळूत जायच्या आधी आम्ही सगळेच टायरांतली हवा कमी करतो. फोर्तुनातोची आयती कमी झालेली. तो वाळूवरून लोण्यातून सुरी जावी तसा गेला. मी घाईत माझी सोडायलाच विसरलो. दगडी झाड म्हणतात त्या खडकाच्या अलीकडे माझी जीप पोटापर्यंत रुतली. फोर्तुनातो परत आला, दोर लावला, ओढून काढलं. वर सगळ्यांना सांगत होता, कुणीतरी देवमाणसाने सकाळी माझे टायर तयार करून ठेवले होते, या कंपाद्रेचे का ठेवले नाहीत कोण जाणे.

जाताना माझ्या मागच्या डाव्या टायरात बोट घालून म्हणाला, कंपाद्रे, कडेचा हा तुकडा उडालाय, दात पडल्यासारखा. बदलून घे. गीझरच्या गरम फवाऱ्यांजवळच्या दगडांवर कधीच उडालाय तो. टायर उत्तम चालतो. माझ्या टायरात बोटं घालायचा अधिकार याला कुणी दिला?

टूरिस्टांनी दोराचे फोटो काढले. बाकी टूर छान चाललीय.

२ ऑगस्ट, गुरुवार. सकाळ.

काल पाचामामेला, धरणीमातेला, नैवेद्य. घरच्या अंगणात कागद पसरला, त्यावर कोकाची पानं, लामाची चरबी, लोकर आणि साखरेच्या वड्या. वड्यांवर घर, गाडी, जोडपं, जे मागायचं त्याचं चित्र असतं. मी गुपचूप जीपची वडी घेतली आणि उलटी ठेवली, चाकं आभाळाकडे. मनात म्हटलं, आई, ही फोर्तुनातोची. मग सगळं जाळलं.

सिंगानी थोडी प्यावी लागली. पृथ्वीला आधी ओतायची आणि मग आपण घ्यायची, हा रिवाज आहे. संकल्प मोडला असं होत नाही. पृथ्वीला पुन्हा पुन्हा तहान लागत होती.

आज सकाळी माझ्या जीपचा फॅनबेल्ट तुटला. प्रिमितिवाने राखेत काडी घालून अर्धवट जळालेली वडी उकरून काढली, बघितली, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, म्हाताऱ्या, ज्याच्या अंगणात जाळायची त्याचीच जीप असते ती. तुला काय वाटलं, पाचामामा नंबरप्लेट वाचते?

योगायोग आहे. बेल्ट जुनाच होता.

९ ऑगस्ट.

सापडलं. सापडलं.

एकोणीस वर्षं जे डोळ्यांसमोर होतं ते आज दिसलं. मिठावर आम्ही कसे चालतो? खूण नाही, पाटी नाही, रस्ता नाही. पुढे गेलेल्यांच्या चाकांची काळपट रेघ धरायची आणि जायचं. जितकी रेघ काळी, तितका ड्रायव्हर निर्धास्त. फोर्तुनातो तर गाणी म्हणत, कोका चघळत, डोळे अर्धे मिटून रेघेवर गाडी सोडून देतो.

तर मी रेघ काढणार. इंकावासी बेटापासून, जिथून चुविकाची वाट फुटते तिथूनच, जराशी उजवीकडे. एकदम वळली तर संशय येईल. हळूहळू, प्रेमाने वळत जाणारी. चौदा किलोमीटर. आणि मग संपलेली. पुढे काही नाही. चारी दिशांना मीठ आणि मध्ये फोर्तुनातो.

माझ्यासारख्या माणसाला लोक होकायंत्र म्हणतात.

११ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळ.

काल टूर नव्हती. प्रिमितिवाला सांगितलं, बेल्टची चाचणी घेऊन येतो. एकट्याने सहा वेळा गेलो, सहा वेळा आलो, त्याच रेघेवरून. दुसऱ्या फेरीपर्यंत काही उमटत नव्हतं, चौथीला रंग धरला, सहावीला असा रस्ता झाला की मलाच त्यावरून पुढे जावंसं वाटलं. सबंध मैदानात एवढी देखणी रेघ दुसरी नाही. कुणाला दाखवता येत नाही, हेच एक दुःख.

परत येताना बेटाजवळ थोडं थांबून दिशा नक्की केली. तासभर.

आज वहीत कांद्याचं साल सापडलं. वाऱ्याने आलं असावं.

१५ ऑगस्ट, बुधवार. इंकावासी बेट. सकाळी पावणेअकरा.

जीप बेटाच्या मागच्या बाजूला लावलीय. बायकोला म्हटलं, सावलीसाठी. ती म्हणाली, उणे पाचात कसली सावली हवीय तुला. स्वयंपाकात मग्न आहे. टूरिस्ट प्लास्टिकच्या डायनोसॉरबरोबर फोटो काढताहेत. मी निवडुंगांमध्ये वर बसलोय, दुर्बीण घेऊन.

फोर्तुनातोची हिरवी जीप आली. बेटाला वळसा. फाट्यावर थांबला. खाली उतरला. वाकून रेघ बघितली. आता नेहमीची वाट धरतो की काय, मी दुर्बीण डोळ्यांवर आणखी दाबली.

माझी रेघ धरली.

माझी रेघ धरली!! आणि किती जोरात! गाणीबिणी नाहीत, सुसाट सुटलाय. जा बाबा, जा. पुढे अख्खं मीठ तुझंच.

तोच दिवस. साडेबारा.

अजून परतलेला नाही. लामाचं मांस आज किती मऊ शिजलंय. दोनदा वाढून घेतलं. प्रिमितिवा म्हणाली, आज काय झालंय तुला, जीपला पिल्लू झालं काय.

बरोब्बर चार वाजता निघायचं. तोवर इतर जीपा बेटावर जमतील. सगळ्यांसमोर म्हणायचं, मित्रहो, आपला एक भाऊ संकटात आहे. मग एक सेकंद थांबायचं. मग, मी जातो. आरशात दोनदा म्हणून बघितलं. आवाज जड येतोय. होकायंत्राची रिबीन धुऊन वाळत घातली.

तोच दिवस. सव्वातीन.

आला परत. स्वतःहून.

त्याचे टूरिस्ट जीपच्या खिडक्यांतून अर्धे बाहेर, गाताहेत. एक बाई रडत होती. मला वाटलं भीतीने. आनंदाने. म्हणे, आयुष्यात इतकं रिकामं कधी पाहिलं नव्हतं, दुसरी जीप नाही, दुसरा माणूस नाही, पाय ठेवला तर फक्त आपला आवाज.

फोर्तुनातोने मला पाहिलं आणि जागच्या जागी थांबला. तोंड उतरलेलं, ओठ फुटलेले. बघत राहिला. मग म्हणाला, तू इथे आहेस होय. बरं झालं, बाबा. बरं झालं. आणि जवळ येऊन घट्ट मिठी मारली. मग माझ्याच पातेल्यातलं उरलेलं सूप उभ्याउभ्या प्यायला.

घाबरलाय. माझ्या नजरेत त्याने काहीतरी पाहिलं असणार. म्हणजे पूर्ण अपयश म्हणता येणार नाही.

१८ ऑगस्ट.

सत्यानाश. चौकात दोन टूर ऑफिसांबाहेर फलक लागलेत : रिकाम्या मिठाची सफर. पाठीवर पिशव्या लावलेली पोरं दारोदार विचारत फिरताहेत, फोर्तुनातोच्या रस्त्याने नेता का.

फोर्तुनातोचा रस्ता!

मी काढला! मी! सहा वेळा जाऊन, सहा वेळा येऊन, एका हाताने गिअर आणि दुसऱ्याने मान धरून! अर्धी टाकी त्यात गेली! आणि नाव कुणाचं? जो आयता, अर्धवट डोळे मिटून, त्यावरून गेला त्याचं. युनियनच्या ऑफिसात त्याला एकाने विचारलं, कसा सापडला रे. म्हणे, सहजच, वाट वाकडी केली आणि गेलो. खोटारडा. रेघेला वाकून बघत होता ते मी दुर्बिणीतून पाहिलंय.

आणि मी बोलू शकत नाही. काय सांगू? की हा रस्ता मी तुला बुडवायला काढला होता, त्याचं श्रेय मला द्या?

रात्रंदिवस जळतोय. प्रिमितिवाने पोटासाठी कोकाचा काढा दिला. पोटाचं नाही हे तिला कोण सांगणार.

२४ ऑगस्ट, शुक्रवार.

आज मलाच जावं लागलं. दोन फ्रेंच, एक कोरियन, दोन आर्जेंटिनाचे. आधी म्हटलं, तिकडे धोका आहे. कोरियन म्हणाला, डॉन फोर्तुनातो तर रोज नेतात. म्हटलं, तिकडे काही नाही. फ्रेंच मुलगी म्हणाली, म्हणूनच जायचंय.

माझ्याच रस्त्यावरून, चौदा जीपांच्या मागे रांगेत, धूळ खात गेलो. शेवटी जिथे मी रेघ सोडली होती तिथे आता चाकांच्या खुणा झाडूसारख्या पसरल्यात. एकाने खुर्च्या मांडल्यात. टूरिस्टांनी दोन तास फोटो काढले. मी जीपमधून उतरलो नाही. तत्त्व म्हणून.

प्रिमितिवा उतरली. बराच वेळ एकटी लांब चालत गेली, टोपी हातात घेऊन. परत आली तेव्हा म्हणाली, छान आहे रे जागा. ज्याने शोधली त्याने एक काम तरी बरं केलं. आणि माझ्याकडे अशी बघून हसली की मी काच वर करून घेतली.

२७ ऑगस्ट, सोमवार. दुपार.

सभेला चार दिवस. निर्णय घेतला. माझा रस्ता, मीच मोडणार.

आज पुन्हा बेल्टची चाचणी. नवव्या किलोमीटरला माझ्या रस्त्याला एक फाटा काढला, डावीकडे. मग त्या फाट्याला आणखी एक. मग पहिल्याला जाऊन मिळणारी एक रेघ, म्हणजे माणूस गोल फिरत राहील. फार अवघड काम, डोकं लागतं. आता फोर्तुनातो टूरिस्ट घेऊन गेला की संध्याकाळपर्यंत फिरत बसेल, सभेत तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

कुठली रेघ खरी आणि कुठली खोटी हे जगात फक्त मला ठाऊक आहे. नकाशा काढून ठेवावा असं क्षणभर वाटलं. गरज नाही. मीच तर काढल्यात.

३० ऑगस्ट, गुरुवार. सकाळी आठ. घरी.

काल घडलेलं क्रमाने लिहितो. भावनेच्या भरात लिहायचं नाही.

सकाळी टूर. पाच टूरिस्ट, पाचही हट्टी, पाचही फोर्तुनातोच्या रस्त्याचेच. त्यात ऑगस्टचा वारा सुटलेला. मिठाची भुकटी कमरेपर्यंत उडत होती, आभाळ आणि जमीन एकाच चुन्यात बुडवून काढल्यासारखी. इतर जीपा मैदानाच्या काठावरच्या कोल्चानीहूनच माघारी वळल्या. मी वळलो नाही. स्वतःच्या रस्त्यावरून कोण माघारी वळतं?

नववा किलोमीटर नीट आला. फाटा आला. उजवीकडे घ्यायचं हे पक्कं आठवत होतं. घेतलं. मग एक फाटा आला जो मी काढलेला नव्हता, किंवा काढला होता पण उलट्या बाजूने. त्यानंतर आम्हाला एक फुटका टायर दिसला.

पुढे आणखी एक.

पुढे आणखी एक. प्रिमितिवा म्हणाली, म्हाताऱ्या, हा तोच आहे. म्हटलं, टायर सगळे सारखेच दिसतात. ती म्हणाली, याच्यावर माझा रुमाल आहे, मघाशी खूण म्हणून बांधला.

होकायंत्र पाहिलं. उत्तर समोर. वळलो. तरी उत्तर समोर. पुन्हा वळलो. तरी समोरच. मग कोरियातून आलेल्या एका पोराने अदबीने सांगितलं की, अंकल, स्पीकरमध्ये चुंबक असतं, हे यंत्र तुम्हाला गाण्याची दिशा दाखवतंय.

साडेतीन वाजले. डिझेल पाव टाकी. टूरिस्ट गप्प झाले. गात होते तेव्हा राग यायचा, गप्प झाल्यावर भीती वाटली. हे या वहीत लिहायला हरकत नाही : मला भीती वाटली. प्रिमितिवाने मागे सगळ्यांना गरम कोका पाजला, घोंगड्या वाटल्या. मग पुढे येऊन बसली, सीटखाली हात घातला, वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, लिही, साडेतीन वाजता हरवलो. सगळं लिहितोस, हेही लिही.

म्हणजे कांदा वाऱ्याने आलेला नव्हता.

विचारलं, कधीपासून. म्हणाली, पहिल्या दिवसापासून. विचारलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, मुलगी पोतोसीला शिकायला गेल्यापासून घरात तू कशावर इतकं मन लावलेलं पाहिलं नव्हतं. वाटलं, काढू दे रेघोट्या. पण माणसं घेऊन नाही रे. माणसं घेऊन नाही.



चारच्या सुमारास भुकटीतून दोन दिवे. हिरवी जीप. फोर्तुनातो उतरला, धावत आला, प्रिमितिवाला विचारलं सगळे ठीक ना, पाणी आहे ना, मग मला मिठी. तीच, पंधरा तारखेसारखी.

विचारलं, कसा सापडलो. म्हणाला, बाकीचे सगळे परत आले, तू नाही. आणि तुझा माग काय लपतो होय? मागच्या डाव्या टायरचा दात. दर दोन पावलांवर मिठात ठसा सुटलेला असतो. मागे एकदा तर फाट्यावरच दिसला, भलत्याच बाजूला गेलेला. बेटावर तुझी जीप नाही. टूरिस्टांना काही न सांगता मागोमाग सुटलो. तीन तास शोधलं तुला, कंपाद्रे. रेघ संपली तिथे मी खाली उतरून हाका मारल्या. टूरिस्टांना वाटलं मी प्रार्थना करतोय. परत येऊन बघतो तर तू बेटावर आरामात उभा. म्हटलं सुटला बिचारा कसाबसा, आता कुणाला कळायला नको. लोकांनी विचारलं तर सांगितलं, मीच सहज वाट वाकडी केली. होकायंत्र हे नाव मी मस्करीत ठेवलं रे, ते इतकं चिकटेल असं वाटलं नव्हतं.

मी तोंड उघडलं. सांगणार होतो की पंधरा तारखेला मी हरवलो नव्हतो! शुद्धीवर होतो! तो दगाफटका होता, विचार करून केलेला, तुला बुडवायला! एकोणीस वर्षांच्या ड्रायव्हरची काही अब्रू आहे!

प्रिमितिवाने माझ्या पायावर पाय ठेवला. पूर्ण वजनाने.

म्हणून गप्प बसलो. त्याच्या मागोमाग घरी आलो. आता जगात एका माणसाला वाटतं की मी दोनदा नाही, तीनदा हरवलो, आणि तो मला माफ करून बसलाय. हे मी त्याला कधीही माफ करणार नाही.

३१ ऑगस्ट, शुक्रवार. दुपार. सभेनंतर.

अध्यक्ष म्हणाले, नव्या रस्त्यावर पाटी लावायची, फोर्तुनातोचा रस्ता. सगळ्यांनी हात वर केले. फोर्तुनातो उभा राहिला. म्हणाला, रस्ता माझा नाही, आधी माझ्या कंपाद्रेची जीप तिथे गेली होती, मी फक्त तिच्या मागाने गेलो. काढणारा तो.

मग टाळ्या. दोनशे माणसांच्या, माझ्यासाठी. पहिल्यांदाच. मी उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, हे वाऱ्याने. भाषण तयार नव्हतं, आरशातलं वाक्य चाललं नसतं.

पाटी एकमताने मंजूर झाली : होकायंत्राचा रस्ता. लाकडी, लाल रंगाची, कायमची.

१ सप्टेंबर, शनिवार. सकाळी साडेनऊ. कोल्चानी.

स्टोव्ह, चार पातेली, कांद्याची पिशवी आणि प्रिमितिवा आज हिरव्या जीपमध्ये आहेत. ती शब्दाची पक्की. रडणं नाही, भांडण नाही, फक्त माझ्या शेजारच्या सीटवर तिची घडी केलेली शाल ठेवून गेली. म्हणाली, सीट थंड पडायला नको.

नवी व्यवस्था फोर्तुनातोची : दोन्ही जीपा एकत्र जायच्या, तो पुढे, मी मागे, जेवण एकत्र. मी मान्य केलं. शत्रू सतत नजरेसमोर असलेला बरा. नव्या सुडाच्या दृष्टीने ही जागा फार मोक्याची आहे. मागच्या काचेतून तिची टोपी दिसतेय.

टायर बदलायचा म्हणून काल नवा आणला होता. फोर्तुनातोने तो माझ्या हातातून घेऊन टपावर बांधून टाकला. म्हणाला, राहू दे, कंपाद्रे, दात तसाच राहू दे. नाहीतर आम्ही तुला शोधायचं कसं.

याला असं उत्तर देणार आहे की. आत्ता सुचत नाहीये. सुचलं की लिहीन.

पुढची जीप सुटली. दिसेनाशी व्हायच्या आत निघायला हवं.